सातव्याचं, आठव्याचं आणि आठवड्यांचं गणित: अकाली जन्मलेलं बाळ कसं सांभाळायचं

"सातव्याचा जगता, आठव्याचा जगणा नाय." कोकणात दिवस भरायच्या आधी कुणाला कळा लागल्या की घरातली एखादी म्हातारी हे बोलतेच. तालुक्यागणिक बोली बदलते, म्हणणं तेच राहतं: सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही.

नुसतं बोलणं असतं तर कानाआड करता आलं असतं. पण या एका वाक्याने दोन्हीकडून नुकसान होतं. आठव्यात जन्मलेल्या बाळासाठी गाडी बघायला घरच्यांचे पाय जड होतात. "उगाच धावपळ कशाला" असं कुणीतरी हळूच म्हणतं आणि तासभर जातो. सातव्यात जन्मलेलं बाळ मात्र "जगणारच" म्हणून चार दिवसांत घरी न्यायचा हट्ट धरला जातो. खरी गरज नेमकी उलटी असते. सातव्यातल्या बाळाची फुप्फुसं, आतडी, कातडी सगळंच आठव्यातल्या बाळापेक्षा कच्चं असतं. ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा ३२चं बरं, ३२पेक्षा ३४चं. हा क्रम मध्येच कुठे उलटत नाही.

समजूत जुनी आहे आणि ती फक्त आपलीच नाही. आठव्या महिन्यात ओज (शरीराचं सत्त्व) अस्थिर असतं, म्हणून तेव्हा जन्मलेलं मूल जगत नाही, असं सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकातही आठव्या महिन्याच्या मुलाबद्दल हीच भीती होती. तेव्हा फुप्फुसाच्या आत काय चालतं ते बघायची सोय नव्हती. आज ती आहे. फुप्फुसातले फुगे मिटू नयेत म्हणून आतून एक साबणासारखा स्निग्ध पदार्थ पसरतो, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो साधारण २४व्या आठवड्यापासून बनू लागतो आणि ३४-३५व्या आठवड्यापर्यंत पुरेसा होतो. तो वाढतच जातो, आठव्यात कमी होत नाही.

मग "आमच्या शेजारचं सातव्याचं होतं, आज ट्रक चालवतं" हे कसं? बहुतेक वेळा मोजण्यातच घोळ असतो. "सातवा" म्हणजे सात भरले की सातवा लागला, हे कुणी विचारत नाही. सातव्यात गेलेलं मूल "पडलं" म्हणून मोजणीतच येत नाही, जगलेलं मात्र गावभर सांगितलं जातं. आणि लग्नानंतर सातव्या महिन्यात तीन किलोचं गुटगुटीत बाळ झालं, तर त्याला सातव्याचं म्हणण्यातच सगळ्यांची सोय असायची. त्यातून सातव्याची कीर्ती फुकट वाढली.

महिने सोडा, आठवडे मोजा

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. पूर्ण दिवस म्हणजे २८० दिवस, ४० आठवडे. तारीख काढायची सोपी रीत: पाळीच्या तारखेत ७ दिवस आणि ९ महिने मिळवा. पाळी १० जूनला आली असेल तर अपेक्षित तारीख १७ मार्च. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. उशिरा केलेल्या सोनोग्राफीवरून वय काढलं तर दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते.

कॅलेंडरचा महिना सरासरी साडेचार आठवड्यांच्या आतबाहेर असतो. म्हणून "सातवा चालू" म्हणजे साधारण २६ ते ३० आठवडे, "आठवा चालू" म्हणजे ३० ते ३५, "नववा चालू" म्हणजे ३५ ते ३९. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अकाली. २८च्या आतलं अतिशय कच्चं, २८ ते ३२ खूप लवकरचं, ३२ ते ३७ मध्यम. अकाली जन्मणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट हा शेवटचाच, आणि नीट सांभाळलं तर यातली बहुतेक सगळी बाळं वाचतात. "आठव्याचं" म्हणून ज्यांची आशा सोडली जाते ती बहुतेक याच गटातली.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अकाली जन्मली, त्यातली ३० लाखांच्या आसपास भारतात. म्हणजे ही घराण्याची पीडा नाही आणि कुणाची नजरही नाही.

जन्मानंतर वय आणि वजन दोन्ही लिहून घ्या. दीड किलोचं बाळ ३१ आठवड्यांचं असू शकतं किंवा ३७ आठवड्यांचं पण पोटात वाढ खुंटलेलं. दोघांचे प्रश्न वेगळे असतात. पहिल्याला श्वासाचा त्रास जास्त, दुसऱ्याची साखर पटकन खाली जाते.

कळा लवकर आल्या तर

दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट दगडासारखं घट्ट होणं, कंबरेत येऊन-जाऊन दुखणं, पाणी झिरपणं, रक्त दिसणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. ३७ आठवड्यांच्या आत यातलं एकही लक्षण दिसलं तर "खोट्या कळा असतील, सकाळी बघू" असं करू नका. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज ही रक्तदाबाची लक्षणं, त्यांनाही हाच नियम. पोटाला तेल लावून चोळणं आणि काढे पाजणं पूर्ण बंद.

इथे सगळ्यात मोलाचं औषध आहे डेक्सामेथासोन. बाळाची फुप्फुसं पिकवण्यासाठी हे स्टेरॉइडचं इंजेक्शन आईला देतात: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण ४ डोस. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली अशा स्टेरॉइडचा उपयोग दाखवून दिला. भारतात २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान कळा सुरू झाल्या की ते द्यायची पद्धत आहे, आणि पुढे पाठवण्याआधी पहिला डोस नर्सताईही देऊ शकतात. चारही डोस पूर्ण व्हायला दीड दिवस लागतो, म्हणून पहिला डोस जिथे आहात तिथेच मिळाला तर फायदा. "डेक्सा दिलं का? किती वाजता?" हे विचारा आणि वेळ कार्डावर लिहून घ्या.

दुसरा निर्णय जागेचा. अकाली बाळासाठी आईचं पोट हीच सगळ्यात चांगली पेटी. जन्मल्यावर बाळाला हलवण्यापेक्षा जन्माआधी आईला हलवणं नेहमी चांगलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नवजात कोपरा असतो, तो पहिल्या काही मिनिटांपुरता. ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळाला विशेष नवजात काळजी कक्ष लागतो, तो जिल्हा रुग्णालयात असतो. रत्नागिरीचं किंवा ओरोसचं (सिंधुदुर्गाचं) जिल्हा रुग्णालय गाठायला मंडणगड-दोडामार्गाच्या टोकावरून किती वेळ लागतो, हे सातव्या महिन्यातच बघून ठेवा. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. साखरपा-देवरुखकडून आंबा घाटाने, राजापूरकडून अणुस्कुऱ्याने, वैभववाडीकडून करूळ किंवा भुईबावड्याने कोल्हापूर गाठता येतं, पण पावसात दरड आली की घाट बंद. गणपतीत महामार्गाचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून दोन वाटा ठरवून ठेवा आणि १०८ला फोन करताना किती आठवडे झाले ते आधी सांगा.

मशेरीबद्दल इथेच. आपल्याकडे मशेरीला कुणी तंबाखू म्हणत नाही, "नुसते दात घासते" म्हणतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं, बाळाचं वजन घटतं आणि लवकर बाळंत होण्याची शक्यता वाढते. पोटुशीने ती बंद केली पाहिजे, नवव्यात नव्हे, पहिल्या दिवसापासून. लघवीची जळजळ, अंगावरून वास येणारं पांढरं जाणं, रक्तक्षय, जुळं, आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं ही बाकीची मोठी कारणं. यातल्या जंतुसंसर्गाला आणि रक्तक्षयाला औषध आहे, लाजून अंगावर काढू नये.

बाळ वाटेतच किंवा घरी झालं तर

पहिलं मिनिट कोरडं करण्याचं. स्वच्छ सुती कापडाने डोकं, पाठ, अंग पुसा आणि ते ओलं कापड लगेच बाजूला टाका. त्याच ओल्या कापडात गुंडाळून ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. बाळ रडलं की आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवा, वरून कोरडं कापड आणि डोक्याला टोपी. नाळ कापायची घाई नको, निदान एक मिनिट थांबा. जंतुविरहित ब्लेड आणि चिमटा नसेल तर कापूच नका. वार पडली तर पिशवीत घालून बाळाबरोबरच न्या.

बाळ रडत नसेल तर आधी तोंड, मग नाक पुसा, पाठीवर खाली-वर चोळा, तळव्यांना टिचक्या मारा. उलटं टांगणं, पाणी शिंपडणं, कांदा फोडून नाकाशी धरणं, वार निखाऱ्यावर शेकणं यातल्या कशानेही फुप्फुसात हवा जात नाही, फक्त मिनिटं जातात. चोळूनही श्वास सुरू झाला नाही तर पिशवी आणि मास्कने हवा द्यावी लागते, आणि ते शिकलेल्याच हाताने. म्हणूनच बाळंतपण दवाखान्यात.

आंघोळ नाही. अंगावरचा पांढरा लेप खरवडायचा नाही. तो घाण नसून कच्च्या कातडीचं आवरण आहे.

गाडीतून नेताना बाळ छातीला लावूनच न्यायचं. आईला टाके पडले असतील आणि ती मागे राहणार असेल तर बाप, आत्या, आजी कुणीही छातीला लावू शकतं. खिडक्या बंद, एसी बंद. आंबोली किंवा आंब्याच्या घाटात खालच्यापेक्षा हवा गार असते हे लक्षात ठेवा. बरोबर घ्या: माता-बाल कार्ड, आईचा रक्तगट, डेक्साच्या वेळा, आणि काढलेला चीक एका उकळलेल्या छोट्या वाटीत, झाकून.

बाळ कशाने जातं

अकाली बाळाचा बळी सटवीच्या लेखणीने जात नाही. श्वास, गारवा, उपास आणि जंतू या चौघांनी जातो, आणि हे चौघे एकमेकांचे हात धरून येतात. गार पडलेलं बाळ अंग गरम ठेवायला साखर जाळतं, साखर संपली की सुस्त होतं, सुस्त झालं की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. यात श्वास मध्येच थांबतो. दवाखान्यात श्वासाची बाजू नाकातून दाब देणारं सीपॅप, गरज पडली तर सरफॅक्टंट आणि श्वास थांबू नये म्हणून कॅफीन यांनी सांभाळतात. नळ्या बघून घाबरू नका. रोज चार गोष्टी विचारा: आज वजन किती, दूध किती मिली आणि किती वेळा, तापमान किती, श्वास थांबला होता का. सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार, औषधं आणि नेआण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. २०११ साली तो ३० दिवसांपर्यंत सुरू झाला, पुढे एक वर्षापर्यंत वाढला. "पैसे नाहीत" म्हणून बाळ घरी आणू नका.

उरलेल्या तिघांचा सामना मात्र मुख्यतः आईच्या अंगाने आणि दुधाने होतो.

छातीशी धरणं: कांगारू पद्धत

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी पेट्या कमी पडत होत्या म्हणून बाळांना आईच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. आज हा पेट्या नसल्यावरचा तात्पुरता उपाय राहिलेला नाही, तो मुख्य उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या सूचनेनुसार अकाली आणि कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे ८ ते २४ तास असं धरावं, जितके जास्त तितकं चांगलं, आणि जन्मानंतर लगेच सुरू करावं. स्वतः श्वास घेऊ न शकणारं, व्हेंटिलेटरवरचं किंवा शॉकमधलं बाळ तेवढं याला अपवाद. आणि लाईट गेली तरी हे बंद पडत नाही.

कसं धरायचं:

बाळाच्या अंगावर फक्त टोपी, लंगोट आणि मोजे. आईने पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा शर्ट घालायचा, आतलं काही नको. बाळ दोन स्तनांच्या मधे उभं ठेवायचं, बेडकासारखे पाय बाजूला दुमडलेले, हात कोपरात मुडपलेले, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाला टेकलेलं. डोकं एका बाजूला वळवायचं, हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीवर पडली तर श्वासनलिका दुमडते, मान फार मागे गेली तरी तेच. बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे.

बांधायला जुनं मऊ सुती लुगडं उत्तम, त्याचा दोन-अडीच मीटरचा तुकडा पुरतो. वरची कड बाळाच्या कानाच्या खालपर्यंत, खालची कड ढुंगणाखाली. छातीपाशी घट्ट, पोटापाशी थोडं सैल. बाळ पोटाने श्वास घेतं, तिथे आवळलं तर श्वास अडतो. आई उभी राहिली तरी बाळ घसरता कामा नये. झोपताना पाठीशी दोन-तीन उशा लावून अर्धवट बसतं झोपायचं, सपाट उताणं नाही.

एका वेळी निदान एक तास. दहा मिनिटांत काढून पुन्हा ठेवणं बाळाला जास्त दमवतं. आईला आंघोळ, जेवण, संडास असतंच. तेवढ्या वेळात बापाने धरावं. छातीवर केस आहेत म्हणून अडत नाही. ताप, खोकला किंवा छातीवर गळू-नायटा असलेल्याने धरू नये. वजन २५०० ग्रॅमच्या आसपास गेलं की बाळ स्वतःच वळवळून बाहेर यायला बघतं. तेव्हा सोडायचं.

मे महिन्यात घामाने दोघंही भिजतील. मग पातळ कापड वापरा, पंखा भिंतीकडे वळवून मंद ठेवा, घाम पुसा, पण छातीवरून काढू नका. तापमान काखेत मोजा: ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि पाय बघा. दोन्ही कोमट तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार तर बाळ गारठायला लागलंय, लगेच छातीला लावा. दोन्ही गार तर छातीला लावूनच दवाखान्यात.

दूध: थेंबाथेंबाचा हिशोब

चीक फेकायचा नाही, एवढं एक घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पिवळसर, चिकट, पहिल्या दिवशी जेमतेम चमचाभर. बाळालाही तेवढंच लागतं, आणि रोगांशी लढणारी सगळी शिबंदी त्यातच असते.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्यात बसतो. त्याआधी बाळ तोंडाला लागलं तरी दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून ३२च्या आतल्याला बहुधा नळीने, ३२ ते ३४ला वाटी-चमच्याने, ३४नंतर अंगावर, अशी साधारण पायरी. कुठल्या पायरीवर कोणतं बाळ हे डॉक्टर ठरवतील. बाटली आणि चुपणी कोणत्याच पायरीवर नाही.

दूध काढायला जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करा, बाळ पेटीत असलं तरी. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा, रात्री निदान एकदा. रात्रीचं टाळलं की दोन-तीन दिवसांत दूध कमी होतं, मग "अंगावर दूधच नाही" सुरू होतं. हात साबणाने धुवा, कोमट कापडाने शेका, अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडापासून साधारण ४ सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा-बोटं जवळ आणा, सोडा. बोंड ओढायचं नाही, कातडीवर बोटं घसरवायची नाहीत. धार आटली की बोटं फिरवून दुसरी जागा.

किती द्यायचं? दीड किलोवरच्या स्थिर बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे साधारण ६० मिली, रोज थोडं वाढवत आठवड्याभरात किलोमागे १५० मिलीच्या आसपास. १८०० ग्रॅमच्या बाळाचा हिशोब करू: पहिल्या दिवशी १०८ मिली, दर दोन तासांनी म्हणजे १२ वेळा, दर वेळी ९ मिली. आठव्या दिवशी २७० मिली, दर वेळी २२-२३ मिली. दवाखान्याने दिलेला आकडा यापेक्षा वेगळा असेल तर त्यांचाच धरा.

पाजायला आपलं जुनं बोंडलं (चोचीची छोटी वाटी) हीच युक्ती आहे, दवाखान्यात पलाडाई मिळतं ते त्याचंच भावंड. बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा, चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवा, दूध ओठांपर्यंत आणा आणि थांबा. बाळ स्वतः चाटून घेतं. घशात ओतायचं नाही. २०-२५ मिनिटांत संपलं नाही तर सोडा. पाजल्यावर खांद्याला लावून ढेकर. बोंडलं साबणाने धुऊन पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, प्रत्येक वेळी.

काढलेलं दूध झाकून घरात चार तास, पण मे-जूनच्या उकाड्यात तेवढाही भरवसा धरू नका. फ्रिजमध्ये एक दिवस. गरम करायचं ते वाटी कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही.

गाई-म्हशीचं किंवा शेळीचं दूध, साखरपाणी, मध यातलं काही नको. अकाली बाळाची आतडी कच्ची असतात. परक्या दुधाने आतड्याला सूज येऊन ती सडण्याचा धोका वाढतो, पोट फुगतं, हिरवी उलटी होते. आईचं दूध खरोखर मिळत नसेल तर दुसऱ्या आईचं, पेढीत तपासून निर्जंतुक केलेलं दूध हा पर्याय. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत शीव रुग्णालयात सुरू केली. जवळ कुठे सोय आहे ते जिल्हा रुग्णालयात विचारा.

पहिल्या आठवड्यात वजन दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत घटतं. घाबरायचं नाही. दहा-चौदा दिवसांत ते भरून येतं आणि मग किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढतं. म्हणजे १८०० ग्रॅमच्या बाळाला आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास. याच्या निम्मंही वाढत नसेल तर दूध कमी पडतंय किंवा बाळ गारठतंय. बहुतेकदा दुसरं.

घरी आणल्यावर

सलग दोन-तीन दिवस वजन वाढतंय, छातीवरून काढल्यावरही ऊब टिकते, दूध पूर्ण घेतंय, आणि आईला सगळं स्वतः जमतंय. मगच घरी.

घरातल्या रीतींत चांगल्याही आहेत. सुवेर पाळण्यामागची कल्पना काहीही असो, दहा दिवस बाहेरच्यांनी बाळंतिणीच्या खोलीत यायचं नाही हे अकाली बाळासाठी वरदान आहे. ते दहाचे चाळीस करा. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी आले की खोकला-सर्दी बरोबर येते. बाळ दारातून दाखवा. बारसं पुढे ढकलल्याने नाव पळून जात नाही. मात्र "विटाळ" म्हणून आईला कोपऱ्यात, गार जमिनीवर, पेजेच्या पाण्यावर ठेवत असाल तर तो भाग सोडा. तिला पेज, कुळथाची पिठी, भाजी, अंडं, मासे सगळं हवं.

शेगडी आणि धुरी बंद. कौलारू घराची खोली दारं लावून कोळशाने तापवली की धूर आणि विषारी वायू साठतो, श्वास आधीच कमकुवत असलेल्या बाळाला तो सोसत नाही. खोली २६-२८ अंशांवर राहिली तर पुरे. कोकणात वर्षाचे बरेच महिने ती आपोआप राहते. प्रश्न पावसाचा. आषाढ-श्रावणात दुपटी वाळतच नाहीत आणि अर्धओलं दुपटं बाळाची ऊब शोषून घेतं. दुपट्यांचा आकडा दुप्पट ठेवा आणि प्रत्येकावर इस्त्री फिरवा.

आंघोळ नको, कोमट कापडाने पुसा. वजन दोन किलोच्या पुढे जाऊन वाढत राहिलं की डॉक्टरांना विचारून सुरू करा. जोरात चोळणं, नाका-कानात तेल, टाळूवर तेलाचा थर, डोळ्यांत काजळ, बेंबीला हळद किंवा राख, बाळगुटी, सगळं बाजूला. बेंबी कोरडी आणि उघडी. पोट फुगलं म्हणून बिब्बा घालणं किंवा डाग देणं हा सरळ जखम करण्याचा प्रकार आहे. त्या जखमेतून जंतू रक्तात जातात आणि मूळ आजार तसाच राहतो. कावीळ कोवळ्या उन्हाने जात नाही. उघडं बाळ उन्हात ठेवलं तर गारठतं किंवा तापतं. अकाली बाळाला काविळीच्या कमी पातळीवरच फोटोथेरपी (दवाखान्यातल्या निळ्या प्रकाशाचा उपचार) लागते.

आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात, कमी वजनाच्या बाळाकडे जास्त वेळा. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाने घरोघरच्या भेटींतून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली दाखवून दिलं. ताईंच्या हातातला वजनकाटा आणि थर्मामीटर म्हणजे सोपस्कार नव्हे. त्यांना ओटीवरून परत पाठवू नका.

पुढच्यापैकी काही दिसलं तर त्याच तासाला निघा: बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजून श्वास ६० किंवा जास्त, फासळ्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, श्वास थांबून ओठ निळे होणं, दूध घ्यायचं बंद करणं, तापमान ३५.५च्या खाली किंवा ३७.५च्या वर, झटके, उठवूनही न उठणं, तळहात-तळपाय पिवळे, बेंबीभोवती लाली किंवा पू, हिरवी उलटी. या वयात ताप न येता गार पडणं हेही जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, आणि ते जास्त वेळा चुकतं. "शांत झालंय बिचारं" असं म्हटलेलं बाळ कधीकधी शांत नसतं, खालावलेलं असतं.

डोळे, कान, लस आणि वय

३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्याचा तर दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या कच्च्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटतो, बाहेरून डोळा छान दिसत असतो. वेळेत लेसर झाला तर नजर वाचते. दोन महिन्यांनी कळलं तर बहुधा नाही. डिस्चार्जच्या कागदावर ही तारीख नसेल तर मागून घ्या. कानाचीही चाचणी करून घ्या.

व्हिटॅमिन डी रोज ४०० युनिट. लोहाचे थेंब साधारण दोन आठवड्यांनंतर किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम, पण डॉक्टर सांगतील तेव्हाच.

लसी जन्मतारखेने मोजायच्या. बाळ लहान दिसतं म्हणून दोन महिने थांबवणं चूक. वाढ मात्र दुरुस्त वयाने मोजायची: ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ ८ आठवडे आधी आलं, म्हणून सहा महिन्यांचं झालं की त्याचं दुरुस्त वय चार महिने. मान धरणं, पालथं पडणं, बसणं त्या वयाने बघायचं, दोन वर्षांचं होईपर्यंत. वाडीतलं कुणी "सहा महिने झाले, अजून बसत नाय?" म्हणालं, तर "चारच झाले" हे उत्तर बरोबर आहे.